वजनकाट्याला शिक्का, बिलाच्या मशीनला काय?

गेल्या महिन्यात आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सलग तीन दिवस रणधुमाळी चालली. निमित्त झालं बी विंगमधल्या एका निवृत्त काकांचं. त्यांच्या क्रेडिट कार्डावर पहाटे अडीचला डॉलरमध्ये दोन खरेद्या पडल्या. ओटीपी आला नाही, कुणा गोड आवाजाचा फोन आला नाही, काकांनी कुठल्या लिंकला बोट लावलं नाही. कार्ड पाकिटातच होतं. आधीच्या पंधरा दिवसांत त्यांनी ते तीनच ठिकाणी बाहेर काढलं होतं: मॉलमधला किराणा, एक हॉटेल आणि औषधांचं दुकान. ग्रुपचे लगेच दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, "रोख वापरा म्हणून घसा फोडून सांगत होतो, आता भोगा." दुसऱ्याचं म्हणणं, "काकांकडूनच काहीतरी चूक झाली असणार, पैसे उगाच कसे जातील?" तिसऱ्या दिवशी कुणीतरी गुलाबाच्या फुलासकट 'सावध रहा, सुरक्षित रहा' असं चित्र टाकलं, त्याला सतरा अंगठे मिळाले आणि विषय पार्किंगवर गेला.

बँकांच्या जनजागृती मेळाव्यांत आणि टीव्हीवरच्या चर्चांतही हा वाद असाच होतो, फक्त गुलाबाचं फूल नसतं. दोन्ही तट एकच गोष्ट गृहीत धरून चालतात, की चोरी ग्राहकाच्या हातून झाली. म्हणून एक म्हणतो हात खिशातच ठेव, दुसरा म्हणतो हात जपून वापर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय! माझं म्हणणं असं, की कार्डाच्या माहितीची एक मोठी चोरी ग्राहकाच्या हातून होतच नाही. ती दुकानातल्या बिलिंगच्या कॉम्प्युटरच्या पोटात होते आणि तिथे ग्राहकाची सावधगिरी पोचूच शकत नाही. तेव्हा त्या चोरीची भरपाई आणि ती झाली हे लोकांना कळवण्याचं बंधन, ही दोन्ही ओझी या यंत्रणेतून कमाई करणाऱ्यांच्या खांद्यावर कायद्यानं ठेवली पाहिजेत. म्हणजे दुकानदाराला कार्ड घेण्याची सोय देणारी बँक, मधली पेमेंट कंपनी आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर विकणारा. ग्राहक नव्हे, आणि गल्ल्यावर बसलेला दुकानदारही सगळ्यात आधी नव्हे.

मी अकरा वर्षं दुकानांना बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवून देण्याचं आणि त्याची देखभाल करण्याचं काम केलं आहे, त्यामुळे ही चोरी कशी होते ते जरा सविस्तर सांगतो. कार्ड मशीनमध्ये घातलं की त्यावरची माहिती बँकेकडे जाते. वाटेत ती कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपात असते. पण ज्या दुकानात कार्डाचं मशीन बिलिंगच्या कॉम्प्युटरला जोडलेलं असतं आणि कुलूप मशीनमध्ये न लागता कॉम्प्युटरमध्ये लागतं, तिथे क्षणभर ती माहिती रॅममध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीत, उघडी पडते. टपालाची थैली सीलबंद येते आणि सीलबंद जाते, पण मधे पोस्टाच्या टेबलावर ती उघडावीच लागते. हा चोर थैली फोडायच्या भानगडीत पडत नाही, टेबलाशेजारी उभा राहतो. त्याचं मालवेअर, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये घुसवलेलं चोरटं सॉफ्टवेअर, तिथे बसून मेमरी चाळत राहतं आणि सोळा आकड्यांची रांग दिसली की उचलतं. ती खरंच कार्डाची आहे की बारकोड आणि बिल नंबर एकमेकांना चिकटलेत, हे ठरवायला ते एक छोटं गणित करतं: एकाआड एक आकडा दुप्पट करायचा, उत्तर दोन अंकी आलं तर ते अंक मिळवायचे आणि सगळ्यांची बेरीज दहाने भागली जाते का पाहायचं. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांना १९६० साली या युक्तीचं पेटंट मिळालं. नंबर टिपताना झालेली चूक पकडता यावी म्हणून काढलेली युक्ती, आणि आज चोर तिच्यावर माल पारखून घेतो.

यात एक गंमत आहे. तुळशीबागेतल्या बोळातल्या दुकानात स्वाइप मशीन बहुधा स्वतंत्र असतं. त्याचं सिमकार्ड वेगळं, रक्कम दुकानदार बोटानं दाबतो, बिलाच्या कॉम्प्युटरला कार्डाचा पत्ताच नसतो. म्हणजे या विशिष्ट चोरीपुरता तो बोळ सुरक्षित आणि चकचकीत काउंटरवर सगळं एकमेकांना जोडून ठेवणारा मॉल जास्त धोक्यात. आपल्याला मात्र बोळात कार्ड काढताना धाकधूक होते आणि मॉलमध्ये आपण निर्धास्त असतो.

२०१३ साली अमेरिकेत टार्गेट या प्रचंड दुकानसाखळीत हेच घडलं. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवसापासून, म्हणजे २७ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या ऐन खरेदीच्या दिवसांत, सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती बिलिंग काउंटरवरून उचलली गेली. चोर आत शिरले ते दुकानांच्या शीतयंत्रणेचं काम करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या लॉगिनवरून. त्याच सप्टेंबरमध्ये टार्गेटला कार्ड उद्योगाच्या सुरक्षा मानकाचं प्रमाणपत्र मिळालेलं होतं. धोक्याची घंटा वाजवणारी महागडी यंत्रणाही होती. ती घंटा वाजली, बंगळुरूत बसून पहारा देणाऱ्या चमूनं ती ऐकली, मिनियापोलिसच्या मुख्यालयाला कळवलं, आणि तिथे कुणी हललं नाही. पुढच्या वर्षी होम डेपो या दुसऱ्या दुकानसाखळीत ५.६ कोटी कार्डं गेली, तीही एका पुरवठादाराच्या लॉगिनवरून. या जवळपास १० कोटी कार्डधारकांपैकी एकानंही ओटीपी सांगितला नव्हता. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर आणि लहान मुलांचे कपडे विकत घेतले, एवढाच त्यांचा अपराध.

आणि छोट्या धंद्यात चोर कसा शिरतो ते मी जवळून पाहिलंय, कारण दार आम्हीच उघडं ठेवत होतो. लांबून कॉम्प्युटर हाताळायचं सॉफ्टवेअर आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाकडे टाकून ठेवायचो. दर वेळी सिंहगड रोडवरून वाकडला कोण जाणार? चाळीस दुकानांना पासवर्ड एकच, आणि तोही कुणी पहिल्या पाच प्रयत्नांत ओळखावा असा. मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला विंडोज एक्सपीचा आधार काढून घेतला, पण आम्ही त्यानंतर कितीतरी दिवस त्याच्यावरच बिलं काढत होतो, कारण लेबल प्रिंटरचा ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालत नव्हता. मालकाला विचारलं तर तो म्हणायचा, "तुम्हीच बघा साहेब, आम्हाला यातलं काय कळतंय." आमच्या गिऱ्हाइकांकडे चोरी झाली का? कुणी तपासलंच नाही, त्यामुळे झाली नाही असंच आम्ही धरून चाललो. अमेरिकेत मात्र २०११ च्या डिसेंबरात एका रोमानियन टोळीवर आरोप ठेवले गेले. दीडशेहून जास्त सबवे सँडविच दुकानांत ती नेमकी याच दारानं शिरली होती: लांबून हाताळायचं सॉफ्टवेअर आणि ढिसाळ पासवर्ड. ८० हजारांवर ग्राहकांच्या कार्डांची माहिती त्यांनी उचलली होती. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पासवर्ड बदलायला घेतले तर साहेब म्हणाले, "आत्ता नको, आधी वसुली."

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करू. आपल्याकडे लोकांचे पैसे जातात ते बऱ्याचदा त्यांच्याच हातानं. खोटा बँक अधिकारी, केवायसीची लिंक, वीज तोडण्याचा मेसेज, आणि आता 'डिजिटल अरेस्ट'. यात रॅम-बिमचा काही संबंध नसतो. समोरचा माणूस गोड बोलून किंवा दम देऊन तुमच्याकडूनच कुलूप उघडून घेतो. अशा फसवणुकीवर जागरूकता हाच उपाय आहे, सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर पाठ असलाच पाहिजे, आणि त्यासाठी मेळावे घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. पण दोन रोगांची लक्षणं सारखी दिसली म्हणून औषध एकच द्यायचं का?

पुण्याला या चुकीचा जुना अनुभव आहे. १८९७ च्या प्लेगात रँडच्या कमिटीनं घराघरांत सोल्जर घुसवले, माजघरं आणि देव्हारे उसकटले, सामान रस्त्यावर काढून जाळलं, माणसं सेग्रिगेशन कॅम्पात नेली. सगळा भर रहिवाशांवर: त्यांची घाण, त्यांच्या सवयी, त्यांची लपवाछपवी. पुढच्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं दाखवून दिलं, की रोग उंदराच्या अंगावरच्या पिसवांतून पसरतो. ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. घर स्वच्छ ठेवणं वाईट होतं असं कोण म्हणेल? पण पिसू भिंतीतल्या उंदरावर बसलेली असताना घरमालकाला धारेवर धरून रोग हटत नाही, उलट लोक रोगीच लपवायला लागतात. आज ज्याचे पैसे गेले तो माणूस शेजाऱ्यांना सांगायलाही लाजतो, कारण सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "तुम्ही काय केलं होतं?" आमच्या काकांनी ग्रुप सोडला, तो याच प्रश्नामुळे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो बँकेतल्या जाणत्या लोकांकडून येतो. ते म्हणतात, ही सगळी अमेरिकन रडगाणी. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं १ डिसेंबर २०१३ पासून दुकानात डेबिट कार्डाला पिन सक्तीचा केला आणि नुसत्या चुंबकीय पट्टीची कार्डं बदलून घ्यायला ३१ डिसेंबर २०१८ ची मुदत घातली. चिप दर व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते, त्यामुळे मेमरीतून उचललेल्या माहितीवर बनावट कार्ड छापता येत नाही. हे खरं आहे आणि अभिमान वाटावा असं आहे. या बाबतीत पुण्यातला पेट्रोल पंप टेक्सासच्या पंपाच्या पुढे होता, हे मी अमेरिकेत राहणाऱ्या मेव्हण्याला दर दिवाळीत ऐकवतो.

पण म्हणून विषय संपला का? ऑक्टोबर २०१९ मध्ये, म्हणजे त्या मुदतीनंतर दहा महिन्यांनी, 'जोकर्स स्टॅश' नावाच्या इंटरनेटवरच्या चोरबाजारात १३ लाखांवर कार्डांचा ढीग विक्रीला आला. त्यातली ९८ टक्के कार्डं भारतीय बँकांची होती आणि भाव होता कार्डामागे सुमारे १०० डॉलर. हा माल चुंबकीय पट्टीवरच्या माहितीचाच होता, म्हणजे एटीएमवर किंवा दुकानातल्या मशीनवर खरवडून घेतलेला. पट्टी आपल्या कार्डांवर चिपच्या जोडीनं राहिलीच, आणि जगात कुठेतरी ती चालवून घेणारं मशीन असतंच. शिवाय चिपमधून बनावट कार्ड होत नसलं, तरी कार्डाचा नंबर आणि मुदतीची तारीख मशीनला वाचता येतेच. ती उघडी कॉम्प्युटरपर्यंत आली, तर परदेशातल्या ओटीपी न मागणाऱ्या संकेतस्थळांवर तिचा उपयोग करता येतो. आपला ओटीपीचा नियम आपल्या वेशीपर्यंत. काकांच्या खरेद्या डॉलरमध्ये होत्या, हे विसरू नका.

आणि चोर काही हातावर हात ठेवून बसत नाही. ब्राझीलमधून वाढलेल्या प्रिलेक्स नावाच्या मालवेअरची नवी आवृत्ती २०२३ च्या जानेवारीत उजेडात आली. कार्ड नुसतं टेकवून पैसे भरण्यात चोराच्या हाती पुन्हा वापरता येईल असं काही लागत नाही, म्हणून हे मालवेअर टॅप अडवतं आणि स्क्रीनवर 'कार्ड आत घाला' असा संदेश आणतं. ग्राहक काय करणार? तुम्ही-मी काय करतो? "नेटवर्क नाहीये वाटतं" म्हणत कार्ड आत सरकवतो. इथे सावधगिरीचा अर्थ तरी काय उरला? यूपीआय आल्यावर कार्ड वापरतो कोण, असंही विचारलं जातं. चहा-वडापावला नाही वापरत, मान्य. पण फ्रीज, हॉस्पिटलचं बिल आणि विमानाचं तिकीट अजून क्रेडिट कार्डावरच जातं. आणि ज्या कॉम्प्युटरमध्ये चोर शिरला तिथे तुमचा मोबाइल नंबर आणि वर्षभराच्या खरेदीची यादीही असतेच.

तिसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा, आणि त्याबद्दल मला सगळ्यात जास्त सहानुभूती आहे. आधी नोटाबंदी, मग जीएसटी, मग ऑनलाइनवाल्यांची स्पर्धा. त्यात आता सायबर सुरक्षेचा इन्स्पेक्टर दारात उभा राहणार? पाकीट दिल्याशिवाय तो प्रमाणपत्र देईल का? अमेरिकेत ऑक्टोबर २०१५ पासून नियम बदलला: ज्याची यंत्रणा चिपला तयार नाही, नुकसान त्याचं. भार मुख्यतः दुकानदारावर पडला आणि छोट्यांची चांगलीच दमछाक झाली. तसंच्या तसं इथे उचलून आणायला माझाही विरोध आहे. ज्याला रॅम म्हणजे काय हे माहीत नाही, त्याला रॅममधल्या चोरीसाठी दंड करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

पण त्या अमेरिकन नियमातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. टार्गेटच्या आधी कितीतरी वर्षं तिथे चिपची चर्चा चालू होती, इंग्लंडनं २००५ मध्येच हा जबाबदारीबदल करून टाकला होता, तरी अमेरिकेतली मशीनं हलली नव्हती. बिल कुणाच्या नावे फाटणार हे ठरलं तेव्हाच काउंटर बदलले. याहून जुना आणि मला जास्त पटणारा दाखला एटीएमचा आहे. केंब्रिजचे सुरक्षातज्ज्ञ रॉस अँडरसन यांनी १९९० च्या दशकात दोन देशांतला फरक मांडला. अमेरिकेत १९८० साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात सिटीबँकेविरुद्ध एका महिलेचा खटला चालला. "पैसे मी काढले नाहीत" हा माणसाचा शब्द आणि "काढले" हा यंत्राचा कागद, यात न्यायालयानं माणसावर विश्वास ठेवला. इंग्लंडमध्ये बँका छातीठोक सांगत, की आमची यंत्रणा चुकूच शकत नाही. तिथे एका पोलीस शिपायानं खात्यातून पैसे गेल्याची तक्रार केली, तर उलट त्याच्यावरच फसवणुकीचा खटला भरला गेला. १९९४ मध्ये तो दोषी ठरला. अपिलात बचाव पक्षानं यंत्रणा तपासायला मागितली, ती वित्तसंस्थेनं दाखवली नाही, आणि १९९६ मध्ये तो सुटला. आता कुठल्या देशातल्या बँकांनी आपली यंत्रणा जास्त काळजीनं सांभाळली असेल? अँडरसन यांचा निष्कर्ष असा, की ज्या अमेरिकन बँकांना नुकसान स्वतः सोसावं लागत होतं, त्यांनी. ब्रिटिश बँका तक्रारदाराला खोटं ठरवून मोकळ्या होत, मग भोकं बुजवायला पैसा कोण घालणार?

आपल्याकडे याचा अर्धा भाग कागदावर आला आहे, हे नोंदवायला हवं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार दोष बँकेचाही नाही, ग्राहकाचाही नाही, तिसरीकडेच कुठेतरी आहे, असं असेल आणि ग्राहकानं तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर त्याला दमडीचाही भुर्दंड नाही. दोष ग्राहकाचा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची. काकांना मी हेच परिपत्रक छापून दिलं, आणि बँकेनं रक्कम तात्पुरती जमा केली. नियम चांगला आहे. मात्र तो आग विझल्यावर कोणाचं घर बांधून द्यायचं एवढंच सांगतो. ज्या काउंटरवरून कार्ड फुटलं तिथे कुणी गेलं का? ते मशीन अजून चालू आहे का? कालही तिथे शे-दोनशे जणांनी कार्ड घासलं असेल, त्यांना कुणी सांगितलं? काकांना त्यांचं कार्ड नेमकं कुठून फुटलं हे कधीच कळणार नाही. बँकेच्या दृष्टीनं पैसे परत मिळाले म्हणजे प्रकरण संपलं.

लोकांना सांगायचं म्हटलं की चौथा आक्षेप येतो, तो घबराटीचा. पुण्यात हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. २०१३ मध्ये रुपी बँकेवर निर्बंध आले तेव्हा पासबुक हातात घेऊन रांगेत उभे राहिलेले म्हातारे आपण पाहिले आहेत. त्या बँकेचा परवाना २०२२ मध्ये रद्द झाला, तोपर्यंत कित्येकांनी आयुष्याची पुंजी अडकलेली सोसली. अशा शहरात 'अमुक ठिकाणी माहिती चोरली' असं जाहीर केलं तर लोक सैरभैर होतील, ही भीती खोटी नाही.

पण दोन उदाहरणं शेजारी ठेवून पाहा. २०१६ मध्ये बँकांची एटीएम सांभाळणाऱ्या हिताची पेमेंट सर्व्हिसेसच्या यंत्रणेत मे ते जुलै मालवेअर होतं. लोकांना पत्ता लागला ऑक्टोबरमध्ये, तोही कसा? एका सकाळी कार्ड चालेना म्हणून. सुमारे ३२ लाख डेबिट कार्डं धोक्यात आल्याचं बातम्यांतून कळलं, स्टेट बँकेनं एकट्यानं सहा लाखांच्या आसपास कार्डं बंद केली, आणि मालवेअरनंच हे झालं याची कंपनीकडून कबुली यायला २०१७ चा फेब्रुवारी उजाडला. दुसरं उदाहरण आपल्या गणेशखिंड रस्त्यावरचं. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी कॉसमॉस बँकेच्या एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेत चोरांनी स्वतःची खोटी यंत्रणा घुसवली. बनावट कार्डं घेऊन माणसं २८ देशांत एटीएमसमोर उभी होती, काही जण आपल्या कोल्हापुरातसुद्धा. मंजुरी चोरच देत होते. सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेवरून १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. एकूण आकडा ९४ कोटींच्या वर. १९०६ सालच्या, मध्यमवर्गीय पुण्याच्या विश्वासावर उभ्या असलेल्या बँकेवर हा घाव होता. पण मंगळवारी पोलिसांत तक्रार गेली, बँकेनं समोर येऊन काय झालं ते सांगितलं, ठेवीदारांचे पैसे सुरक्षित असल्याचं सांगितलं, एटीएम आणि ऑनलाइन सेवा काही दिवस बंद ठेवल्या. बँक बुडली का? आजही उभी आहे. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना शिक्षाही दिली, एटीएमपुढे उभे राहणारे प्यादेच का असेनात. लोक घाबरतात ते बातमीनं कमी, आणि आपल्यापासून काही लपवलं जातंय या संशयानं जास्त.

म्हणून मी काय मागतो? नवं खातं नको, नवा इन्स्पेक्टर तर मुळीच नको. जुनीच एक कल्पना नीट वापरा. रविवार पेठेतल्या वाण्याच्या काट्यावर तुम्ही विश्वास का ठेवता? तुम्ही घरून वजनं घेऊन जात नाही. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, इलेक्ट्रॉनिक काटा वर्षाला तपासून घ्यावा लागतो, आणि तो बनवणारा, विकणारा, दुरुस्त करणारा, या प्रत्येकाला परवाना लागतो. या शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्या, माझा सगळा मुद्दा त्यात आहे. काट्याच्या बाबतीत कायदा दुरुस्त करणाऱ्या कारागिरालाही ओळखतो. कार्डाच्या माहितीला हात लावणारं बिलिंगचं सॉफ्टवेअर मात्र कुणीही विकावं, कुणीही लांबून हाताळावं, आणि मग गायब व्हावं. २०१७ साली आधी उत्तर प्रदेशात आणि मग ठाणे पोलिसांच्या कारवाईत महाराष्ट्रातही पेट्रोल पंपांच्या यंत्रांत माप मारणाऱ्या चिप सापडल्या. तेव्हा 'ग्राहकांनी लिटर मोजायला शिकावं' असं कुणी म्हणालं नाही. यंत्र कुणी उघडलं, सील कुणी तोडलं, चिप कुणी पुरवली, हेच पोलिसांनी शोधलं. बिलिंगच्या मशीनला वेगळा न्याय कशासाठी?

वैधमापनातही पाकिटं चालतात, हे मला कुणी सांगायला नको. म्हणूनच तपासणीपेक्षा माझी भिस्त बिल कुणाच्या नावे फाडायचं यावर जास्त आहे. क्रेडिट कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे दुकानदार कमिशन देतो. ते कशाचं? निव्वळ तार जोडल्याचं? त्या कमिशनमध्ये सुरक्षेची हमी धरलेली असली पाहिजे. ज्या बँकेनं किंवा पेमेंट कंपनीनं दुकानाला कार्ड घ्यायला परवानगी दिली, तिनं असंच मशीन द्यावं की ज्यात कार्ड वाचता वाचताच कुलूप लागतं आणि कॉम्प्युटरला उघडा नंबर दिसतच नाही. असं तंत्र अस्तित्वात आहे आणि वापरातही आहे. ते न देता जुनी जोडणी चालू ठेवली आणि माहिती फुटली, तर भरपाई तिची आणि सॉफ्टवेअरवाल्याची. दुकानदाराची पाळी त्यानंतर, आणि तीही त्यानं बजावून सांगितल्यावर दुर्लक्ष केलं असेल तर. कळवण्याचं म्हणाल, तर २०२२ पासून सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत खबर द्यावी लागते, पण ती सरकारला. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात बाधित माणसालाही कळवण्याची तरतूद आहे आणि दंडाचे आकडे शेकडो कोटींत आहेत. पण काउंटरवरून फुटलेल्या कार्डाच्या बाबतीत कळवायचं कुणी? दुकानाकडे नुसता नंबर, बँकेकडे नाव, आणि भोक सॉफ्टवेअरवाल्याचं. तिघं एकमेकांकडे बोट दाखवतील. जिनं कार्ड दिलं त्या बँकेनं कळवायचं, आणि दुकानाचं नाव घेऊन कळवायचं, असं सरळ लिहून टाकायला काय हरकत आहे?

परवा रविवार पेठेत सुकामेवा घ्यायला गेलो होतो. काट्याच्या पडताळणीचं प्रमाणपत्र भिंतीवर काचेच्या चौकटीत, त्याला उदबत्तीचा काळा थर. शेजारी बिलाचा कॉम्प्युटर, त्याला वायरनं जोडलेलं कार्डाचं मशीन. जुनी खोड म्हणून विचारलं, "शेटजी, हे सगळं बघतं कोण?" काजू तोलता तोलताच ते म्हणाले, "मशीन बँकेचं. कॉम्प्युटर माझा. सॉफ्टवेअर बसवलं होतं एका पोरानं, लई हुशार होता, आता बंगळुरूला गेलाय. पण अडलं की तिथनंच चालू करून देतो." मग काट्याकडे बोट दाखवून म्हणाले, "याची काळजी नको, याचा साहेब दर वर्षी येतो." मी पाकीट उघडलं आणि नोटा मोजायला लागलो.